चार भिंती, चोवीस वाटेकरी

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपल्याकडे म्हणतात. ही म्हण ज्याने केली त्याच्या काळी घर म्हणजे स्वतःच्या जमिनीवर, गवंड्याशी आणि सुताराशी रोज हुज्जत घालून उभे केलेले घर. दुसऱ्याने बांधलेले, तिसऱ्याने वापरलेले आणि कागदोपत्री चौथ्याच्याच जमिनीवर उभे असलेले घर विकत घेण्याचा प्रसंग त्या गृहस्थावर आला असता, तर म्हणीत आणखी एक कलम खात्रीने वाढले असते.

हा प्रसंग हल्ली पुष्कळांवर येऊ लागला आहे, आणि तो मुंबई-पुण्यातच येतो असे नाही. रायगड जिल्ह्यातली पेण आणि रोहे ही दोन गावे घ्या. पेण म्हटले की गणपतीच्या मूर्ती आणि पोह्याचे पापड आठवावेत, रोहे म्हटले की कुंडलिका नदी आणि धावीर महाराजांची पालखी. पण या दोन्ही गावांतून आज चक्कर मारली, तर कौलारू वाडे मोजकेच दिसतात आणि तीन-चार मजली इमारती पावलोपावली. रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आली, नागोठण्याला आणि पेण तालुक्यात डोलवीला मोठे कारखाने आले, रेल्वे १९८६ साली रोह्यापर्यंत पोचली. नोकरदारांना राहायला जागा हवी होती, वाड्यांच्या मालकांची मुले मुंबईला गेली होती. वाडा पाडून इमारत बांधायची, दोन ब्लॉक मालकाला द्यायचे, बाकीचे विकायचे, हा व्यवहार गल्लोगल्ली झाला. त्या इमारती आता पंचवीस, तीस, पस्तीस वर्षांच्या झाल्या आहेत. त्यांतले पहिले मालक म्हातारे झाले, काही वारले, काही मुलांकडे गेले, आणि ते ब्लॉक दुसऱ्या-तिसऱ्यांदा विक्रीला निघाले आहेत.

घेणारेही आहेत. मुंबईत नोकरी संपवून आलेले, मूळ गाव आसपास असलेले, पनवेलचे भाव ऐकून मागे फिरलेले. १२ जानेवारी २०२४ रोजी शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू उघडला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, ‘तिसरी मुंबई’ हा शब्द दलालांच्या तोंडी खेळू लागला. तेव्हापासून तर ‘आज घ्या, उद्या मिळणार नाही’ हे वाक्य पेणच्या एस. टी. स्टँडपासूनच कानी पडते.

समजा, डोंबिवलीचे एक जोडपे आहे. गृहस्थ निवृत्त झाले आहेत. बाईंचे माहेर रोह्याचे. प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी आणि थोडी ठेव मिळून जी काही रक्कम आहे, ती एवढीच. पुन्हा मिळायची नाही. दोघे ब्लॉक पाहायला येतात. बाई खिडकी उघडतात आणि म्हणतात, “अहो, इथून नदी दिसते!” गृहस्थ नळ सोडून पाहतात, पंख्याचा खटका दाबतात, भिंतीवर टिचकी मारतात आणि म्हणतात, “नुकताच रंग काढलेला दिसतोय.” दलाल म्हणतो, “काका, अशी हवेशीर जागा या भावात शोधून सापडायची नाही.” तिघांचेही म्हणणे खरे असेल. पण तिघेही ज्या वस्तूकडे पाहत आहेत, ती विक्रीला असलेल्या मालाचा एक चतुर्थांश भाग आहे.

विकत काय मिळते?

जुन्या इमारतीतला ब्लॉक घेणारा खरे पाहता चार गोष्टी विकत घेतो. पहिली, आतल्या चार भिंती. दुसरी, इमारतीचा सामाईक देह: पाया, खांब, गच्ची, जिना, टाकी, गटार. तिसरी, इमारतीखालच्या जमिनीवरचा हक्क. आणि चौथी, तिथे राहणाऱ्या बाकीच्या कुटुंबांची एकमेकांशी वागण्याची रीत, म्हणजेच सोसायटी. तळमजला आणि वर तीन मजले, प्रत्येकावर सहा ब्लॉक, अशी इमारत धरली तर आपल्या घराचे चोवीस वाटेकरी झाले. रंग, फरशी, खिडकी या पहिल्या भागातल्या वस्तू होत. त्या पैसे टाकले की बदलता येतात. उरलेले तीन भाग एकट्याने बदलता येत नाहीत, आणि नेमके तेच पाहायचे राहून जातात.

सामाईक मालकीची ही कल्पना आपल्याला नवी नाही. मुंबईत गावदेवीला सारस्वत मंडळींनी १९१५ साली सहकारी गृहनिर्माण संस्था काढली, ती देशातल्या अगदी पहिल्या संस्थांपैकी. पुढे महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० चा सहकारी संस्थांचा कायदा आला, आणि ‘ओनरशिपचा ब्लॉक’ हा शब्द मध्यमवर्गाच्या तोंडी बसू लागला तेव्हा, बिल्डरांच्या मनमानीला आळा घालण्यासाठी १९६३ चा महाराष्ट्र मालकी हक्काच्या सदनिकांचा कायदा झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला ‘मोफा’ म्हणतात.

गंमत अशी की थेट जपानातही, एका इमारतीतले वेगवेगळे भाग वेगवेगळ्या मालकांचे कसे असावेत याचा कायदा झाला तो १९६२ साली, म्हणजे आपल्या आधी फक्त एक वर्ष. जपानी लोक अशा ब्लॉकला ‘मॅन्शन’ म्हणतात. प्रासाद वगैरे काही नाही, आपल्यासारखेच दोन-तीन खोल्यांचे बिऱ्हाड. तिथे जुने मॅन्शन घेणारा माणूस पहिल्यांदा एक तारीख विचारतो. १९७८ साली मियागी भागात मोठा भूकंप झाला, त्यानंतर बांधकामाचे नियम कडक झाले आणि ते १ जून १९८१ पासून लागू झाले. इमारतीला परवानगी त्या तारखेच्या आधीची की नंतरची, यावर तिची किंमत ठरते. दुसरे तो विचारतो दुरुस्तीच्या राखीव निधीबद्दल. बारा-पंधरा वर्षांनी संपूर्ण इमारतीची मोठी डागडुजी करायची आणि त्यासाठी प्रत्येक बिऱ्हाडाने दरमहा पैसे साठवायचे, ही तिकडची रूढ पद्धत. तिथे घर घेणाऱ्यांत एक वाक्य म्हणीसारखे झाले आहे. त्याचा भावार्थ असा : मॅन्शन घ्यायचे तर त्याची व्यवस्था पाहून घ्या.

या एका वाक्यात जुन्या घराच्या खरेदीचे सारे सार आहे. पेण-रोह्यात ते कसे लावून पाहायचे, एवढेच आता पाहू.

जमीन कोणाची?

आमच्या काल्पनिक जोडप्याने दलालाला विचारायचा पहिला प्रश्न : “कन्व्हेयन्स झाले आहे का?” बहुतेक वेळा उत्तर येईल, “काका, सोसायटी रजिस्टर आहे की!” हे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हे. सोसायटी नोंदवली गेली म्हणजे कुटुंबांची एक संस्था झाली. जमीन त्या संस्थेच्या नावावर झाली की नाही, हा वेगळा प्रश्न. मोफा कायद्याच्या अकराव्या कलमाने ही जबाबदारी बिल्डरवर टाकली आहे, आणि वेगळी मुदत ठरली नसेल तर नियमांप्रमाणे संस्था झाल्यापासून चार महिन्यांत त्याने जमीन व इमारत तिच्या नावे करून द्यायची असते. हे खत म्हणजे अभिहस्तांतरण, म्हणजेच कन्व्हेयन्स. प्रत्यक्षात बिल्डर शेवटचा ब्लॉक विकून मोकळा होतो, आणि सात-बारावर किंवा मिळकत पत्रिकेवर जुन्या वाड्याच्या मालकाचे, नाहीतर त्याच्या वारसांचे नाव तसेच राहते.

तीस वर्षे कोणाचे काही अडत नाही. अडते ते इमारत थकल्यावर. पाडून नवी बांधायची म्हटले की जमिनीचा मालक कोण हे आधी पाहिले जाते. मूळ मालकाच्या नातवंडांना तोवर जमिनीचे भाव कळलेले असतात, आणि चोवीस कुटुंबांचे घर त्यांच्या सहीसाठी ताटकळते. वर बांधकामाचा काही हक्क शिल्लक असेल, तर त्यावरही तेच बोट ठेवतात.

यावर उपाय आहे. २००८ साली मोफा कायद्यात दुरुस्ती झाली आणि बिल्डर किंवा जमीनमालक सही करीत नसेल, तर सोसायटीला सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येऊ लागला. रायगडपुरते हे कार्यालय अलिबागला आहे. सुनावणी होते, कागद तपासले जातात आणि हुकूम मिळाला की तो नोंदवून जमीन सोसायटीच्या नावे होते. याला ‘मानीव अभिहस्तांतरण’ असे भारदस्त नाव आहे. म्हणून कन्व्हेयन्स झालेले नसेल तर व्यवहार तिथेच मोडावा असे नाही. मात्र पुढचा प्रश्न विचारावा : “अर्ज केला आहे का? नसेल तर सर्वसाधारण सभेत ठराव तरी झाला आहे का?” ज्या सोसायटीत हा विषय कधी निघालाच नाही, तिथे तो काढण्याचे काम आपल्यावर येणार हे समजून किंमत करावी.

काही इमारतींत सोसायटी नसते. तिथे १९७० च्या अपार्टमेंट कायद्याप्रमाणे घोषणापत्र नोंदवलेले असते आणि प्रत्येकाला जमिनीतला अविभक्त हिस्सा अपार्टमेंटच्या खताने मिळालेला असतो. हीसुद्धा चांगली पद्धत आहे. पण सोसायटीही नाही आणि घोषणापत्रही नाही, ‘सगळे बिल्डरशेठच बघतात’, असे कुठे ऐकायला मिळाले, तर चहा पिऊन, आभार मानून उठावे.

कागदांची साखळी

ब्लॉक तिसऱ्यांदा विकला जात असेल, तर बिल्डरने पहिल्याला, पहिल्याने दुसऱ्याला दिलेले सगळे नोंदणीकृत करार मुळाबरहुकूम हवेत. मधली एक कडी तुटली तर पुढच्या सगळ्या लोंबकळतात. मोफा कायद्याने पहिला करार नोंदवणे सक्तीचे केले असले, तरी जुन्या काळी नुसत्या स्टँपपेपरवर सह्या करून ताबा दिल्याची उदाहरणे लहान गावांत थोडी नाहीत. त्यात आणखी एक मेख आहे. १० डिसेंबर १९८५ पासून ताबा देणाऱ्या विक्री-करारावर खरेदीखताप्रमाणेच मुद्रांक शुल्क लागते. ते त्या वेळी कमी भरले असेल, तर आज आपण कागद पुढे केल्यावर ते दंडासह उघडकीला येते.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयातल्या ‘इंडेक्स दोन’ या नोंदीवरून कोणी कोणाला काय विकले ते कळते. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावरही ती पाहता येते. वकिलाकडून तीस वर्षांचा शोध-अहवाल करून घ्यावा. कर्ज काढणाऱ्याला बँक तो करायला लावतेच. निवृत्त माणसाचे मात्र इथे फसते. तो कर्ज घेत नाही, रोख फंडातून पैसे देतो, आणि म्हणून त्याचे कागद कोणीच तपासत नाही! वकिलाच्या फीचे काही हजार वाचवून आयुष्याची पुंजी उघड्यावर ठेवणे हा कोणता हिशेब?

वारसांचा विषय तर कोकणात विशेष नाजूक. सोसायटीच्या दप्तरात वारलेल्या मालकाने थोरल्या मुलाचे नाव नॉमिनी म्हणून लावलेले असते, आणि तो म्हणतो, “आता जागा माझीच.” तसे नसते. नॉमिनी हा इतर वारसांचा विश्वस्त. बहिणी, धाकटा भाऊ, त्यांची मुले, जे कोणी कायदेशीर वारस असतील त्यांनी हक्कसोडपत्र नोंदवून द्यावे किंवा खरेदीखतावर सह्या कराव्यात. एक बहीण परदेशी आहे, ‘ती काही बोलणार नाही’, या तोंडी आश्वासनावर कोणी घर घेऊ नये. माहेरच्या घराबद्दल बहिणी कधी बोलतील ते ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही, आणि त्यांनी का बोलू नये?

‘ओळखीतला माणूस आहे, कागद कशाला?’ हा लहान गावचा मोठा गुण आणि तितकाच मोठा दोष. पेणकरांना हे नव्याने सांगायला नको. २०१० साली रिझर्व्ह बँकेने पेण अर्बन सहकारी बँकेवर निर्बंध आणले आणि हजारो ठेवीदारांची आयुष्यभराची बचत अडकली. त्यांतल्या बहुतेकांनी पैसे ठेवले होते ते ओळखीच्या विश्वासावरच.

जुन्या इमारतीबद्दल आणखी एक कागद विचारावा, तो भोगवटा प्रमाणपत्राचा. मंजूर नकाशाप्रमाणे बांधकाम झाले, राहायला हरकत नाही, असा हा नगरपालिकेचा दाखला. तो मिळेपर्यंत बिल्डरने ताबा देऊ नये आणि घेणाऱ्याने घेऊ नये, असे मोफा कायदाच सांगतो. गच्चीवर मागाहून चढवलेला मजला किंवा पार्किंगच्या जागी काढलेले गाळे नकाशात आहेत का, हे त्याच वेळी पाहून घ्यावे. हल्लीच्या ‘महारेरा’चा आधार या इमारतींना नाही. ती व्यवस्था १ मे २०१७ पासूनची. त्याआधी पुरी झालेली कामे तिच्या कक्षेबाहेर आहेत.

पावसाळ्यातली परीक्षा

आता इमारतीच्या देहाकडे वळू. रायगड जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पेणच्या पश्चिमेला खारेपाट, रोह्याच्या खाली कुंडलिकेची खाडी. हवेत ओल आणि खार कायमच. सिमेंट-काँक्रीटच्या आतली सळई सुरक्षित राहते ती काँक्रीटच्या अंगच्या क्षारधर्मामुळे. वर्षानुवर्षे हवा आणि पाणी झिरपत गेले की तो गुण कमी होतो. बांधताना खाडीची रेती नीट न धुता वापरली असेल, तर तिच्यातले मीठ हेच काम आतून करते. सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा पुष्कळ अधिक जागा मागतो, म्हणून काँक्रीट फुगते, सळईच्या रेषेत तडा जातो, मग पोपडा पडतो आणि लाल सळई दिसू लागते.

म्हणून ब्लॉक दिवाळीत पसंत केला असला, तरी शक्य असल्यास एक पावसाळा पाहून व्यवहार करावा. तेवढी सवड नसेल तर निदान पाहण्याचा क्रम बदलावा. ब्लॉकमध्ये शेवटी शिरावे. आधी जिन्याखालचे मीटर, मग खांबांचे पाय, सज्जांच्या तळव्या, न्हाणीघरांच्या मागची भिंत, आणि शेवटी गच्ची. नुकताच काढलेला रंग शिफारस नसून प्रश्न आहे, हे लक्षात ठेवावे. गच्चीवर पत्र्याची शेड असेल तर वरच्या मजल्याला गळती होती, आणि ती थांबवण्यासाठी लोकांनी निदान वर्गणी काढली, एवढे तरी कळते. वरच्या मजल्याच्या गृहिणीला भेटावे. पुरुषमंडळी ‘काही नाही हो, थोडे ओल येते’ म्हणतात. जुलैत कोणत्या कोपऱ्यात कोणते पातेले ठेवावे लागते, ते ती अचूक सांगेल.

गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीच्या तपासणीची मुदत ठरवून दिली आहे. पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीची रचनात्मक तपासणी पाच वर्षांतून एकदा आणि तिसाच्या पुढच्या इमारतीची तीन वर्षांतून एकदा झाली पाहिजे. तो अहवाल सेक्रेटरीकडे मागावा. अहवाल वाईट असला तरी घाबरू नये. तो आहे आणि त्याप्रमाणे काम झाले आहे, हे अधिक महत्त्वाचे. ‘आमची बिल्डिंग भक्कम आहे, तपासायची गरजच नाही’ हे उत्तर मात्र धोक्याचे.

आणि नुसत्या वयावर जाऊ नये. याच जिल्ह्यात, महाडला, २४ ऑगस्ट २०२० च्या संध्याकाळी ‘तारिक गार्डन’ ही पाच मजली इमारत कोसळली आणि सोळा जीव गेले. ती इमारत काही जुनीपुराणी नव्हती. दहा वर्षांच्या आतबाहेरची होती. नीट बांधलेली आणि जपलेली पस्तीस वर्षांची इमारत परवडली, पण कोणाचेच लक्ष नसलेली नवी नको, हा धडा त्या सोळा कुटुंबीयांच्या दुःखातून आपल्याला मिळाला आहे. तो विसरण्याचा हक्क आपल्याला नाही.

नदीचेही असेच. खिडकीतून कुंडलिका दिसते ही आनंदाची गोष्ट. जुलैत ती जिन्यात दिसते का, हे विचारले पाहिजे. पेणला भोगावती, रोह्याला कुंडलिका, दोन्ही नद्या गावाला लागून वाहतात. जलसंपदा विभाग नदीकाठी दोन रेषा आखतो : निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. आपली इमारत या रेषांच्या आत की बाहेर, ते नगरपालिकेत कळते. शिवाय २००५ च्या जुलैत पाणी कुठवर आले होते, असे कोपऱ्यावरच्या जुन्या दुकानदाराला विचारावे. तो हात भिंतीवर ठेवून दाखवील. मीटर आणि पाण्याचा पंप त्या हाताच्या वर आहेत का, तेवढे पाहून घ्यावे.

सोसायटीची वही

आता जपानी माणसाच्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊ. आपल्या उपविधींतही राखीव पैशांची तरतूद आहे, आणि ती चांगली आहे. प्रत्येक ब्लॉकच्या बांधकाम-खर्चावर, जमिनीची किंमत सोडून, दरसाल निदान पाव टक्का सिंकिंग फंडासाठी आणि निदान पाऊण टक्का दुरुस्ती निधीसाठी घ्यावा, असे त्यात म्हटले आहे. हिशेब सोपा आहे. ब्लॉकचा बांधकाम-खर्च दहा लाख धरला, तर वर्षाचे अडीच हजार आणि साडेसात हजार, मिळून दहा हजार; महिन्याला सुमारे ८३३ रुपये. चोवीस ब्लॉकचे वर्षाला दोन लाख चाळीस हजार झाले, बारा वर्षांत अठ्ठावीस लाख ऐंशी हजार, व्याज वेगळे. एवढ्यात गच्चीचे काम, बाहेरचा गिलावा आणि खांबांची डागडुजी होऊ शकते.

आता ज्या सोसायटीत ‘मेंटेनन्स फक्त तीनशे रुपये’ असे दलाल कौतुकाने सांगतो, तिची वही पाहा. चोवीस गुणिले तीनशे गुणिले बारा, म्हणजे वर्षाला शहाऐंशी हजार चारशे. झाडूवाला, जिन्यातला दिवा, पंपाचे वीजबिल आणि टाकीची सफाई एवढ्यात ते संपतात. साठते शून्य. म्हणजे जी दुरुस्ती आधीच्या मालकाने पंचवीस वर्षांत थोडी थोडी करायला हवी होती, ती आपण पहिल्याच वर्षी एकरकमी करायची! स्वस्त मेंटेनन्स हे असे उधारीचे घर असते. फेडायला आपण सापडतो.

म्हणून व्यवहारापूर्वी विक्रेत्याच्या मार्फत तीन गोष्टी मागाव्यात : गेल्या तीन वर्षांची हिशेबतपासणीची पत्रके, गेल्या दोन वार्षिक सभांचे इतिवृत्त, आणि विक्रेत्याकडे काही बाकी नसल्याचा दाखला. इतिवृत्त विशेष लक्षपूर्वक वाचावे. सभेला किती जण आले, कोणता विषय दरवर्षी ‘पुढील सभेत घ्यावा’ म्हणून सुटला, कोण पैसे भरत नाही, हे सगळे तिथे सापडते. लग्न ठरवताना आपण मुलाच्या घरची चौकशी चार ठिकाणी करतो. इथे तर तेवीस घरांशी सोयरीक जुळवायची आहे.

खर्चाच्या चार गोष्टी

किमतीशिवाय मुद्रांक शुल्क लागते. करारातली रक्कम आणि सरकारी बाजारमूल्य यांत जी जास्त, तिच्यावर ते आकारतात. घर स्त्रीच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत आहे; आमच्या डोंबिवलीच्या काकूंनी याचा विचार अवश्य करावा. नोंदणी शुल्क एक टक्का, पण तीस हजारांहून अधिक नाही. व्यवहार पन्नास लाखांचा किंवा वरचा असेल, तर एक टक्का आयकर कापून सरकारात भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची असते.

मग येतो हस्तांतरणाचा प्रीमियम. ‘इथे पंचवीस हजार घेतात’ असे सगळीकडे सांगतात. ९ ऑगस्ट २००१ च्या सरकारी परिपत्रकाप्रमाणे ती कमाल मर्यादा महानगरपालिका क्षेत्रातली आहे. नगरपालिकांत ‘अ’ वर्गाला वीस हजार, ‘ब’ वर्गाला पंधरा हजार, ‘क’ वर्गाला दहा हजार आणि ग्रामपंचायतीत पाच हजार, अशी ती उतरत जाते. पेण आणि रोहे ही नगरपालिकांची गावे. तेव्हा आपल्या नगरपालिकेचा वर्ग विचारून घ्यावा आणि तेवढेच द्यावे. वरकड ‘देणगी’ मागितली, तर नम्रपणे पावती कोणत्या ठरावाने मिळेल असे विचारावे. बहुधा देणगीचा आग्रह तिथेच मावळतो.

शेवटी, सागरी सेतू, विमानतळ, तिसरी मुंबई यांच्या नावाने भाव वाढवून सांगितला जाईल. या गोष्टींचा लाभ होणार असेल तर तो होवो. पण त्या जपून ठेवलेल्या इमारतीला जितक्या लागू, तितक्याच पडक्यालाही. किंमत द्यायची ती समोरच्या इमारतीची, तिच्या जमिनीची आणि तिच्या वहीची. आशेला पैसे मोजू नयेत.

एवढे सगळे वाचून कोणी म्हणेल, मग जुना ब्लॉक घ्यावाच कशाला? घ्यावा. नव्या इमारतीत आपण नकाशा विकत घेतो. जुनीत जे आहे ते उघड्यावर असते. भिंत किती पावसाळे सोसून उभी आहे ते दिसते, शेजारी कोण आहेत ते कळते, पाणी किती वाजता येते ते आधीच विचारता येते. मुंबईच्या धावपळीतून आलेल्या माणसाला बाजार पायी, स्टेशन जवळ, आणि दारावरची पाटी वाचून हाक मारणारी माणसे मिळतात. हे सुख खोटे नाही. तिसऱ्या मजल्याला लिफ्ट नाही, एवढे मात्र साठीनंतर विसरू नये.

फक्त एवढे ध्यानात असावे की असे घर किल्ली हाती आल्याने आपले होत नाही. शेअर सर्टिफिकेटवर नाव चढले की आपण चोवीस वाटेकऱ्यांतले एक झालो. आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत, सोसायटीची वार्षिक सभा व्हावी लागते. गणपती विसर्जन होते, पाऊस ओसरू लागतो, आणि एखाद्या संध्याकाळी जिन्यात नोटीस लागते. त्या दिवशी काका-काकूंनी घरातल्या दोन खुर्च्या उचलून खाली न्याव्यात आणि पहिल्या रांगेत बसून विचारावे, “कन्व्हेयन्सच्या अर्जाचे कुठवर आले?” पहिल्या वर्षी लोक माना वळवून पाहतील. दुसऱ्या वर्षी आणखी दोघे तोच प्रश्न विचारतील. तिसऱ्या वर्षी त्यांना बहुधा सेक्रेटरी करतील. त्याला मात्र माझा इलाज नाही!